मधेच थांबलेली पोरं

दुपारी जेवून जरा आडवी झाले, डोळा लागला, की माझी खिडकी उघडते. निवृत्त होऊन आता बरेच दिवस झाले. घर सीमाभागात, शहापुरात, विद्यापीठ लांब गावाबाहेरच्या माळावर. पण झोपेत अंतर कुठं लागतंय! खिडकीपलीकडं सागाची झाडं, झाडांवर उतरलेलं धुकं, आणि त्या धुक्यातनं एकेक पोरगं, पोरगी चालत येते. कुणाच्या हाताला प्लास्टर, कुणाच्या कडेवर मूल, कुणाचं बापाच्या दहाव्याला केलेलं मुंडण अजून ताजं. सगळी वेगवेगळ्या वर्षांतली, पण झोपेत एकाच रांगेत उभी असतात आणि सगळ्यांचं एकच विचारणं असतं, आक्का, आता काय करायचं? मी सांगायला तोंड उघडते आणि शेजारच्या विणकराच्या घरातला माग खडखडायला लागतो. मग उठून चहा ठेवते.

मी पदव्युत्तर विभागात अधीक्षक होते. नाव भारदस्त आहे, काम तसं नव्हतं. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. करणाऱ्या पोरांचे प्रवेश, फी, हजेरी, परीक्षेचे अर्ज, सगळं माझ्या खिडकीतनं आत यायचं. शिकवणारे शिकवायचे, शिकणारे शिकायचे, आणि ज्यांचं शिकणं मधेच अडायचं ते माझ्याकडं यायचे. "तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहून द्या," असं दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बाबांनो, फायलींचं कोण वाचणार? ते म्हणाले, माणसांचं लिहा. म्हणून ही अडलेली माणसं.

बाहेरच्याला वाटतं, एवढं एम.ए.ला बसलेलं पोरगं म्हणजे मार्गी लागलंच. तसं न्हाय हो. बी.ए.पर्यंत पोर लहान असतं, त्याला घर सांभाळतं. एम.ए.ला आलं की घराला वाटायला लागतं, आता ह्यानं आम्हाला सांभाळावं. बाप आजारी पडला की पहिली हाक ह्यालाच. मुलगी असली तर त्याच दोन वर्षांत तिचं लग्न, बाळंतपण. विद्यापीठाच्या वेळापत्रकात ह्यातलं काहीच छापलेलं नसतं.

आणि अडचण आली की पोरगं सगळ्यात आधी काय मागतं, तर दाखला. "आक्का, टी.सी. द्या, कागदं परत द्या, मी सोडतो." रडकुंडीला आलेलं असतं. नियमानं मागितला तर दाखला द्यावाच लागतो. पण दाखला काढला की जागा गेली. पुन्हा शिकायचं तर पुन्हा पहिल्यापासनं प्रवेशाच्या रांगेत. म्हणून मी एक रीत ठेवली होती. रडणाऱ्याचा अर्ज त्या दिवशी घ्यायचा न्हाय. सही करणारे साहेब जेवायला गेलेत म्हणायचं, मग सकाळचे दहा वाजलेले का असेनात. आमचे साहेब लई जेवतात, असं पोरांच्यात बोललं जायचं. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं, मग अधूनमधून झोपायलाही पाठवत जा.

दुसऱ्या दिवशी पोरगं परत आलं की त्याला समोर बसवून सांगायचं. हजेरी कमी पडली? डॉक्टरचा कागद आण, थोडी माफ करता येते. परीक्षेच्या वेळी बाप दवाखान्यात? दोन पेपर आत्ता दे, राहिलेले पुढच्या खेपेला दे, कुणी फाशी देत न्हाय. वर्षभर यायलाच जमणार न्हाय? मग खंड घे. खंड म्हणजे नाव आपल्या पटावर तसंच राहतं, तू घरी जातोस, आणि पुढच्या वर्षी मागच्या पोरांच्या बरोबर जिथं सोडलंस तिथनंच बसतोस. मात्र ठरलेल्या मुदतीत परत यायचं, आणि सगळा अभ्यासक्रम किती वर्षांत संपवायचा त्यालाही हद्द असते. पीएच.डी.वाल्यांना मुदतवाढ असते, मार्गदर्शक बदलून मिळतो. अगदीच काही जमलं न्हाय तर घरी बसून दूरशिक्षणानं करता येतं. एवढे रस्ते असतात. पण ते कुणाला माहीत नसतात, कारण ते अडल्याशिवाय कुणी विचारत न्हाय.

शहापुरातला एक विणकराचा पोरगा एम.कॉम.ला होता. बापाला लकवा मारला, मागावर कुणी न्हाय. मी त्याला अर्धे पेपर द्यायला लावले, अर्धे पुढं ढकलले. तो सकाळी माग चालवायचा आणि दुपारी पेपरला यायचा, झाला पास. चिकोडीचे एक आप्पा तर ह्याहून वस्ताद. त्यांचा पोरगा पाय मोडून पडला होता. आप्पा धोतर सावरत आले आणि म्हणाले, त्याच्या बदली मी बसतो की पेपरला, घरातलाच माणूस हाय. मी म्हटलं, आप्पा, विषय कुठला? म्हणाले, ते तुमीच सांगा. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

सगळेच परत आले असं न्हाय. गुंजीकडचा एक पोरगा इतिहासाला होता. त्याला मी तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा तो म्हणाला, आक्का, तुम्ही मला परत पाठवता, पण घरातनं मला इकडं परत पाठवायला कुणी न्हाय. घेतला दाखला, गेला. अजून एखादे वेळी झोपेत तो रांगेच्या टोकाला उभा असतो आणि त्याचा नंबर यायच्या आत मला जाग येते. वाईट वाटतं.

पण मला सांगायची आहे ती सुवर्णाची गोष्ट. सुवर्णा निपाणीजवळच्या एका वाडीतली, गणितात एम.एस्सी. करत होती. बाप लहानपणीच गेलेला. आई मालनबाई घरी बिड्या वळायची. पोरगीही लहानपणापासनं आईशेजारी बसून वळत आलेली, त्यामुळं बोटं रिकामी राहिली की जे हातात असेल त्याची सुरळी व्हायची. माझ्या खिडकीशी उभी राहिली की फीचं चलन वळून बारीक नळी करायची. मी ओरडायचे, अगं बये, ते चलन आहे, पेटवायचंय का ते? ती लाजून उलगडायची, दोन मिनिटांत पुन्हा सुरळी. अभ्यासात मात्र अशी की तिचे सर मला येऊन सांगायचे, हिला पुढं पाठवा, हिला कुठंच थांबवू नका.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ती दिसेनाशी झाली. नेमकी त्या आठवड्यात मी भाचीच्या लग्नासाठी खानापूरला गेले होते. परत आले तर आमच्या साहेबांनी सांगितलं, की तिची आई येऊन गेली. हे साहेब नवे, म्हैसूरकडचे, कन्नड बोलणारे. जेवायला जाणारे ते आधीचे. हे डबा आणायचे. माणूस देवासारखा, पण मराठीचा एक शब्द येत नव्हता. आईनं दवाखान्याचा कागद दिला होता. कागदावर टीबी. औषध सहा महिन्यांचं. साहेबांनी खंड मंजूर केला होता. मला म्हणाले, बाईला नीट समजावलं, काळजी करू नका म्हटलं. मला बरं वाटलं. टीबी आता बरा होतो, पोरगी पुढच्या वर्षी येईल, एवढंच माझ्या मनात होतं.

वर्ष गेलं. मागच्या पोरांचं दुसरं वर्ष सुरू झालं, परत येणाऱ्यांची मुदत लागली, आणि सुवर्णा काही येईना. फोन लावला तर बंद. पत्र टाकलं, ते वाडीत पोचलंच न्हाय असं मागनं कळलं. मुदतीत आली न्हाय की नाव जाणार, म्हणजे सगळं मातीत. मनात नको नको ते यायला लागलं. औषध मधेच सोडलं असेल, की लग्न लावून दिलं असेल, की ह्याहून वाईट. शेवटी एक दिवस रजा टाकली आणि निपाणीची बस पकडली.

त्या दिवशी धुकं असं होतं की बस रस्त्यावरनं जातीय की दुधातनं, कळत नव्हतं. यमकनमर्डीला मी जागी होते, संकेश्वरला डोळा लागला. झोपेत सुवर्णा समोर बसून काहीतरी वळत होती, मी विचारत होते, काय गं हे, आणि ती नुसती हसत होती. मग नाकात तंबाखूचा उग्र वास शिरला आणि मला कळलं, निपाणी आली. इथल्या वखारींचा वास गावाच्या आधीच गाडीत चढतो. वडापच्या जीपमध्ये बसून वाडीत पोचले तेव्हा धुकं वर उचललं होतं आणि ऊन कौलांवरनं हळूहळू खाली उतरत होतं. घरोघर अंगणात बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, कुणी मान वर करत न्हाय, नुसती बोटं चालतायत. मला अजून स्वप्नातच असल्यासारखं वाटत होतं.

सुवर्णा दारातच होती. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू. अंगानं भरली होती, चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. मला बघून ती उठायला गेली तशी पानं सांडली. आजारी न्हाय, लग्न न्हाय, काही न्हाय. जित्ती-जागती पोरगी समोर. मी आधी देवाचं नाव घेतलं आणि मग मला असा राग आला! म्हटलं, बरी झालीस तर आली का न्हाईस गं? ती खाली बघत म्हणाली, "आक्का, आईला 'न्हाय' म्हणून सांगितलं की तुमच्या हापिसात."

मी काही बोलणार तेवढ्यात मालनबाई आतनं आल्या. या म्हटलं न्हाय, बसा म्हटलं न्हाय. सुवर्णाला चहा टाकायला आत पिटाळलं आणि मला परसात, धुण्याच्या दगडापाशी घेऊन गेल्या. आवाज अगदी खालचा होता. म्हणाल्या, पोरीच्या कानावर घालू नका, तिला मी एवढंच सांगितलंय की जमत न्हाय म्हणाले. पण तुमच्या साहेबानं माझ्या पोरीला छाट काढली. छाट म्हणजे वळलेल्या बिड्यांतल्या कारखान्यात नापास होणाऱ्या बिड्या; त्यांची मजुरी मिळत न्हाय, परतही मिळत न्हायत. मी म्हटलं, असं कसं म्हणतील ते? नेमकं काय म्हणाले, जसंच्या तसं सांगा.

वर्षभर तोंडात धरून ठेवल्यासारखं त्यांनी ते सांगितलं, "'ईग बिडी अम्मा, मगळू हुशार,' आसं म्हनला. हसत हसत म्हनला वो बाई. मगळू म्हंजी लेक, येवढं मला कळतंय. लेक हुशार हाय म्हनं, आता बिडीच वळू दे."

मी दगडावर बसलेच. हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना, आणि आधी हसू फुटलं. मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. म्हणाल्या, हसा, तुमीबी हसा. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि सांगितलं, अहो बाई, कन्नडमध्ये बिडि म्हणजे सोडा, राहू द्या. आपल्या बाजूचा असता तर "बिडरी" म्हणाला असता, बसमधला कंडक्टर म्हणतो तसं, आणि तुम्हाला कळलंही असतं. हा पडला म्हैसूरचा. आणि त्यांच्यात हुशार होणं म्हणजे बरं होणं. आपल्याकडचे आराम आगली म्हणतात, ते हुशारागली म्हणतात. "आता राहू द्या आई, लेक आधी बरी होऊ दे," असं म्हणाला हो तो. हसला, कारण तुम्हाला धीर द्यायचा होता. नाव आहे तिचं पटावर. ह्या आठवड्यात आली तर वर्गात बसेल, न्हाय आली तर मात्र जाईल.

त्या दगडाच्या कडेला टेकल्या. मग हळूच विचारलं, सोडा म्हणाला व्हय? मी म्हटलं, व्हय. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा विचारलं, आई म्हणाला? मी म्हटलं, अम्मा म्हणजे आईच.

मला राहवेना. म्हटलं, हे शब्द तुम्ही सुवर्णाला का सांगितले न्हाईत? तिला कन्नड शाळेपासनं येतं. तिनं एका मिनिटात उलगडून सांगितलं असतं. मालनबाई म्हणाल्या, "दुखण्यात पडलेल्या लेकराला आसलं बोलनं सांगायचं व्हय? मीच गिळलं."

आत गेलो. चहा निवून गेला होता, सुवर्णा पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसली होती. सुवर्णानं परसातलं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. ती आईकडं बघत राहिली आणि म्हणाली, आई, हुशार म्हंजे बरं होणं गं. एवढंच बोलली आणि सुपावर डोकं टेकवून रडायला लागली. मालनबाई एकीकडं तिच्या पाठीवरनं हात फिरवत होत्या आणि एकीकडं म्हणत होत्या, तंबाखू डोळ्यात जाईल गं, सूप बाजूला ठेव आधी.

चार दिवसांनी मायलेकी ऑफिसात हजर. मालनबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. सुवर्णाचं नाव वर्गात पुन्हा घालायचं काम मी पटापट उरकलं. डॉक्टरनं ती पूर्ण बरी असल्याचं लिहून दिलं होतं, वसतिगृहातही जागा मिळाली. मग मालनबाई म्हणाल्या, मला त्या साहेबाला भेटायचंय. मी, सुवर्णा आणि त्या, तिघी केबिनमध्ये गेलो. साहेब उठून उभे राहिले. मालनबाईंनी हात जोडले आणि मराठीत जे सुरू केलं ते थांबेना. वर्षभर बिड्या वळताना तुम्हाला शिव्या घातल्या बाबा, तुमच्या आईचाही उद्धार केला, माझ्या जिभेला हाड न्हाय, पोटात घाला. सुवर्णा लाल होऊन कन्नडमध्ये सांगत होती, शिव्या तेवढ्या गाळून. शिव्या गाळल्यावर माफी कशाची ते साहेबांना कळलं नसावं. ते कावरेबावरे झाले, दोन्ही हात हलवत म्हणाले, "बिडि अम्मा, बिडि, बिडि."

आम्ही तिघी अशा हसलो की बाहेरच्या टेबलांवरची माणसं उठून बघायला आली. साहेब आपले आमच्याकडं बघत उभे. नंतर मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा मात्र ते हसले न्हायत. दुसऱ्या दिवसापासनं डबा खाताना माझ्याकडं मराठी शिकायला लागले.

संध्याकाळी मालनबाईंना बसवून द्यायला आम्ही दोघी स्टॉपवर गेलो. माळावर ऊन पिवळं पडलं होतं, गाड्या लांबनं आवाज न करता आल्यासारख्या यायच्या आणि जायच्या. मालनबाई पदराचं टोक वळत उलगडत होत्या. मला वाटलं, लेक मागं राहणार म्हणून असेल. पण त्या मनात दुसरंच घोळवत होत्या. म्हणाल्या, "आक्का, त्यो चांगलं बोलत व्हता. हसून बोलत व्हता. तरी ह्यो चांगलं कायतरी बोलत असंल, आसं मला येकदाबी का वाटलं न्हाय वो?"

त्याच पुढं म्हणाल्या, मोठ्या हापिसात आपल्याला न्हायच म्हणणार, असं घरातनंच ठरवून गेलते मी. मग जे कानात पडलं ते न्हायच ऐकू आलं. सुवर्णानं आईचा हात हातात घेतला आणि धरूनच ठेवला.

निपाणीची बस आली. गर्दी होती. मालनबाई एका हातानं दांडा धरून पायरीवर चढल्या आणि मागं वळल्या. कंडक्टर ओरडत होता, मागची माणसं ढकलत होती, पण त्या हलल्या न्हायत.

"सुवर्णे," त्या म्हणाल्या, "कुनी कायबी बोललं आन् तुला लागलं, तर थितंच हुबं ऱ्हाऊन परत इचार. माज्यागत गप घरला येऊ नगंस."